पकडला गेलो नाही, ही देवाची दया म्हणायची का?

लेथवाला, उद्यमबाग

सर्वांना सलाम. इथं बरीच वर्षं नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. नाव लिहीत नाही. बेळगाव मोठं झालं तरी आमची ख्रिस्ती मंडळी लहानच आहे आणि कोण कुणाचा जावई ते सगळ्यांना पाठ आहे.

उद्यमबागेत माझी छोटी शेड आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक जुनं मिलिंग. हायड्रॉलिक सिलिंडरचे बुश, म्हणजे आत बसणारी धातूची कडी, जॉबवर्कवर करून देतो. २०१७ पासून मंडळीचा खजिनदार आहे. निवडीच्या दिवशी पाळकसाहेब सगळ्यांपुढं म्हणाले होते, "विश्वासू माणूस आहे." हा शब्द ध्यानात ठेवा, माझं दुखणं त्यातच आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्याकडं कापणीचा सण झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोक शेतातलं, परसातलं, घरी केलेलं आणून वेदीपुढं मांडतात आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. भाताची पोती, जोंधळा, नारळ, केळीचा घड, आमच्या भागातली रताळी, कुणी कुंद्याचा डबा. खानापूरकडच्या एक म्हाताऱ्या मावशी दरवर्षी गावठी कोंबडी आणतात. पाय सुतळीनं बांधलेले, पिशवीतून डोकं तेवढं बाहेर, बसमध्ये मांडीवर घेऊन येतात. त्या वर्षी ती कोंबडी ६५० ला गेली. घेणाऱ्यानं ती परत अर्पण केली, दुसऱ्या खेपेला ९०० ला गेली. दोन्ही आकडे वहीत मीच लिहिले. एकूण जमले ४१,३५० रुपये. सेक्रेटरी गावाला गेलेले, दोघांच्या सहीशिवाय बँकेत भरायचं नाही असं ठरलेलं, म्हणून आज-उद्या करत राहिलं आणि २५ मार्चला सगळंच बंद झालं. रोकड माझ्या घरी, लोखंडी पेटीत.

मे महिन्यात पेटी उघडली. ऑर्डर एक नाही. शेडचं भाडं थकलेलं, दोन पोरं कामाला, त्यातला काकतीचा पोरगा नुकताच लग्न झालेला. थोडं भाडं आणि दोघांचे अर्धे पगार मिळून ११,४०० त्यातून दिले. लोकांना सांगायला हे बरं दिसतं. पण आणखी ७,००० माझ्या मुलीच्या ऑनलाइन क्लासच्या मोबाईलला गेले. ते कुणाच्या पोटासाठी नव्हते. एकूण १८,४००. पेटीत राहिले २२,९५०. वर्षाचा हिशेब लिहिताना मी "रोख शिल्लक ४१,३५०" असं लिहिलं आणि खाली सही केली. त्या वेळी हात कापला नाही, हे आजही आठवतं.

पुढं कामं आली. तीन खेपांत पैसे परत ठेवले, शेवटचे नोव्हेंबर २०२१ मध्ये. मग सगळे बँकेत भरले. आज वही आणि पासबुक जुळतं. कुणाला काही माहीत नाही, बायकोलाही नाही. पण त्या १८,४०० मध्ये मावशींच्या कोंबडीचे पैसे होते की नव्हते, हे मला कळायला मार्ग नाही, आणि लिलाव आला की तेच डोक्यात येतं.

आमच्या धंद्यात बुश मापापेक्षा कमी कापला गेला तर परत लेथला लावता येतो. एक शतांश मिलिमीटर जास्त कापला गेला की संपलं, गेज लगेच सांगतं, जॉब भंगारात. गेलेला धातू परत चढत नाही. पैसे मी भरले, पण माझ्यात काहीतरी जास्तच कापलं गेलंय असं वाटतं.

गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातल्या वचनावर संदेश दिला. आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो. मी मागच्या बाकावर होतो. ऐकून एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

तर प्रश्न असा. कुणी वही मागितली नाही, कुणी पेटी उघडा म्हटलं नाही. ही देवाची दया म्हणायची का? त्यानं मला झाकलं असं धरून गप्प बसावं? की हे नुसतं नशीब आणि मी त्याला देवाचं नाव देतोय? पैसे परत केले म्हणजे माफी झाली का? आमच्या भागात लंडन मिशनचं काम १८२० ला सुरू झालं, त्यानंतर कधीतरी आमचे पणजोबा विश्वासात आले. चार पिढ्या कुणी आमच्याकडं बोट दाखवलं नाही. आता मंडळीच्या पंचांची निवड आहे आणि माझं नाव सगळ्यांच्या आधी सुचवलंय.

शाळेच्या बाई, कॅम्प

सलाम भाऊ. मी शाळेत मराठी शिकवलं आणि रविवारच्या शाळेत त्याहून जास्त वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर "हो" आहे. तुम्ही पकडले गेला नाहीत ही देवाची दयाच. पण ती कशासाठी, ते पौलानं रोमकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवलंय: देवाची ममता, त्याची सहनशीलता माणसाला पश्चात्तापाकडे नेण्यासाठी असते. तुम्हाला मुदत मिळाली आहे. सावकारसुद्धा मुदत देतो, पण मुदत दिली म्हणजे कर्ज सोडलं असं कुणी धरत नाही.

ज्या वचनानं तुम्हाला हलकं वाटलं, ते तेरावं. त्याच्या आधीचं बारावं वचन वाचा. आपण त्याला नाकारलं तर तोही आपल्याला नाकारील, असं तिथं आहे. आणि तेराव्याचा शेवट बहुतेक जण म्हणतच नाहीत: कारण त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही. त्यामुळे ते वचन उशाला घेऊन झोपी जायचं नाही. देव विश्वासू राहतो तो आपल्या स्वभावाशी. त्या स्वभावात करुणा आहे आणि खोट्याला खोटं म्हणणंही आहे. सोन्याच्या वासराचं प्रकरण झाल्यावर, दहा आज्ञांच्या पहिल्या पाट्या फुटल्यावर, मोशे दुसऱ्या पाट्या घेऊन डोंगर चढतो तेव्हा देव स्वतःची ओळख स्वतःच सांगतो. निर्गम ३४ काढून बघा. दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेचा सागर. आणि त्याच दमात, अपराधी माणसाची तो मुळीच गय करत नाही. मुलांना शिकवताना मला वाटायचं, ही दोन वाक्यं एकत्र राहणार कशी? मला तरी ती क्रुसापाशीच एकत्र दिसली. गय नाही, म्हणून शिक्षा झाली. दया आहे, म्हणून ती त्यानं स्वतःवर घेतली.

आता "विश्वासू" या शब्दाबद्दल. आपल्या मराठीत विश्वासू म्हणजे ज्याच्या हातात घराची किल्ली देता येते असा माणूस. मंडळीनं तुमच्याकडे बघून तुम्हाला तो शब्द दिला. देवाला तो आपण दिलेला नाही. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्रामाशी करार होतो. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका मधोमध कापून अर्धे-अर्धे समोरासमोर मांडले जातात. त्या काळी करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जायचे. शब्द मोडला तर माझं या जनावरासारखं होवो, असा त्याचा अर्थ. पण अब्राम त्या वेळी गाढ झोपेत आहे. काळोख पडलेला, आणि त्या तुकड्यांमधून जाते ती धुमसती शेगडी आणि जळती मशाल. देव एकटाच चालतो. अब्रामाला चालायला लावतच नाही. तो पुढे मुलासाठी दासी हागारेच्या बाबतीत घाई करणार, राजापुढे स्वतःच्या बायकोला, सारेला, बहीण म्हणून सांगणार, हे सगळं त्या रात्री देवाला ठाऊक नव्हतं असं नाही.

म्हणून माफी तुमच्या १८,४०० वर उभी नाही. पण ते परत करणंही सोडलेलं नाही. लेवीयच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्याचं घेतलेलं पूर्ण परत कर आणि वर पाचवा हिस्सा घाल, असं आहे. गणनाच्या पाचव्या अध्यायात तेच पुन्हा येतं, आणि तिथं आधी पाप कबूल कर असं म्हटलंय. तुम्ही परत केलंत. कबुली राहिली.

बत्तिसावं स्तोत्र आज रात्री वाचा. मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, असं दावीद म्हणतो. तुमची चार वर्षं त्यात दिसतील.

एक विचारते, उत्तर इथं दिलं नाहीत तरी चालेल. २०२० नंतर तुम्ही प्रभूच्या मेजावरची भाकर आणि प्याला, म्हणजे प्रभुभोजन, घेता का?

निपाणीची लेक

भाऊ, तुमचं वाचून मला आधी रागच आला, तो सांगून मोकळी होते.

माझी आई विड्या वळायची. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचा नमुना वर ठेवून कात्रीनं कापायची, आणि मग सूप मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून. हजार विड्यांमागं मजुरी. मोजणाऱ्यानं ज्या विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या त्यांचे पैसे नाहीत. तुमच्याकडं भंगार, तसं आमच्याकडं छाट. त्या मजुरीतून तिनं भिशी लावली होती. आमच्याच मंडळीतल्या एका माणसाकडं ती भिशी होती आणि त्यानं ती खाल्ली. आईचे ९,००० होते.

दोन वर्षांनी तो माणूस प्रार्थनासभेत साक्ष द्यायला उभा राहिला. प्रभूनं माझं सगळं पाप धुऊन टाकलं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया म्हटलं. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. कुणीही वळून तिच्याकडं बघितलं नाही. घरी आली आणि काही न बोलता सूप घेऊन बसली.

म्हणून मला विचारायचंय, ज्याचं घेतलं त्याला काही सांगायचं नाही आणि देवाला सांगून मोकळं व्हायचं, ही कुठली दया? जकातदार जक्कयाची गोष्ट आम्हाला लहानपणी नाचत-गात शिकवली. उंबरावर चढला एवढंच लक्षात राहतं. पण तो सगळ्या लोकांदेखत म्हणाला की मी कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो. लोकांदेखत.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ते खोटं होईल. तुम्ही पैसे परत ठेवलेत. त्यानं ठेवले नाहीत. तुम्ही त्याच्यासारखे नाही. आणि आई म्हणते, मी त्याला माफ केलंय. मी केलेलं नाही. तो रस्त्यात दिसला की मी रस्ता बदलते. राजाकडून न फिटणारं कर्ज सुटलेला चाकर बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, ती गोष्ट मत्तयात आहे. ती वाचायची वेळ आली की मी पान उलटते. बाई, याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

लेथवाला, उद्यमबाग

बाई, उत्तर देतो. घेत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि त्याच वेळी अर्पणाची मोजणी मागच्या खोलीत असते. खजिनदार म्हणून मी तिथं. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, गठ्ठ्याला रबर. मोजून होईपर्यंत लोक वेदीपुढच्या कठड्यापासून उठून जागेवर गेलेले असतात. तीन-चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मुद्दाम सावकाश मोजतो.

निपाणीच्या ताई, तुमच्या आईंचं वाचून दुपारी काम सुचलं नाही. तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. मी त्या माणसासारखा नाही असं तुम्ही म्हणता, पण मला खात्री नाही. लॉकडाऊन आणखी वर्षभर लांबला असता तर मी परत ठेवले असते का?

पाचवा हिस्सा म्हणजे ३,६८० होतात. ते देण्याची तयारी आहे. सांगण्याची नाही. मुलगी आता पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे, तिच्या मैत्रिणी सगळ्या मंडळीतल्याच. तिनं काय केलंय?

माळकरी, चिकोडी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी आहे, गळ्यात माळ आहे. मध्ये बोललो तर चालेल ना? वाचता वाचता राहवलं नाही.

पतितपावन हा शब्द आमच्याकडे रोज तोंडात असतो. पंढरीला जाणारा काही पुण्याचा हिशेब दाखवून आत जात नाही. तुमचे रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं म्हणायचे, हे आमचे वडील सांगत. तुमच्या देवळात टिळकांचे अभंग टाळ-मृदंगावर म्हणतात, ते मी बेळगावला मित्राच्या लग्नात ऐकलेत आणि डोळे भरून आले होते.

पण एक गोष्ट समजून घ्यायची आहे. केलेलं कर्म भोगून फेडावं लागतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. बाई म्हणतात, शिक्षा दुसऱ्यानं घेतली. मग या भाऊंच्या वहीत ते नेमकं कुणाच्या नावावर पडलं? टोचून विचारत नाही, खरंच विचारतोय.

खानापूरचा कॅथलिक

थोडंच लिहितो. आमच्याकडे पापनिवेदन असतं. फादरनी तिथं ऐकलेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत, काही झालं तरी. पण ज्याचं घेतलंस त्याचं परत कर, हे ते सांगतात. नुसतं "माफ झालं, जा" असं नसतं.

तुम्ही पैशाचाच विचार करताय. पैसे गेले आणि आले. ती ओळ मात्र अजून वहीत तशीच आहे ना? "रोख शिल्लक ४१,३५०", खाली तुमची सही. ती आजही खोटं बोलते आहे, आणि पुढचा खजिनदार तीच खरी मानून पुढं लिहिणार.

शाळेच्या बाई, कॅम्प

माळकरीदादा, तुमच्या प्रश्नासाठीच मला फिलेमोनाचं पत्र आवडतं. जेमतेम एक पान आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा पळालेला गुलाम. त्याच्या नावाचा अर्थ उपयोगी, आणि तो मालकाला निरुपयोगी ठरला होता. बहुधा जाताना त्यानं काही नुकसानही केलं असावं. तुरुंगात पौलाची आणि त्याची गाठ पडते आणि पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो, हातात चिठ्ठी देऊन. त्यात म्हणतो, त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल, तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. पुढे लिहितो, मी पौल हे स्वतःच्या हातानं लिहितो आहे, मी फेडीन. कुणाच्या नावावर पडलं म्हणालात, त्याचं उत्तर मला इथं सापडतं. ख्रिस्तानं आमच्यासाठी हेच केलं असं आम्ही मानतो. आपली सही घालून तो जामीन राहिला.

भाऊ, तुमच्या खोट्या सहीपुढे ही सही ठेवून बघा. आणि एक लक्षात घ्या, पौलानं अनेसिमाला लपवून ठेवलं नाही. ज्याचं नुकसान झालं होतं त्याच्याच दारात परत पाठवलं. त्या वाटेवर अनेसिमाचे पाय किती जड झाले असतील! पण चिठ्ठी हातात होती.

मुलीचं म्हणता, तर आधी तिच्या आईला सांगा. सगळ्या गावाला नंतर. कुणाकुणाला सांगायचं ते पाळकांशी बसून ठरवा, ज्यांचे पैसे होते त्यांना कळायला हवं एवढं मात्र मला वाटतं.

निपाणीची लेक, तुझ्या आईकडे कुणी वळून बघितलं नाही, हे त्या मंडळीचं पाप आहे, तुझं नाही. त्या माणसाचं देणं अजून बाकी आहे आणि तुझा राग ते बरोबर ओळखतो. तू पान उलटतेस म्हणून देव तुला टाकणार नाही. त्या रात्री अब्रामही झोपलेलाच होता. आत्ता तुला एवढंच सांगते, आईला एकदा विचार, तिनं माफ केलं ते कसं केलं. सूप मांडीवर असताना केलं असेल. तिचं ऐक. मला पुस्तकातलं येतं, तिला ते हातानं येतं.

लेथवाला, उद्यमबाग

आज बऱ्याच दिवसांनी लिहितोय. झालं ते सांगतो.

बायकोला रात्री सांगितलं, मुलगी झोपल्यावर. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं मंडळीचं, अब्रूचं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "माझ्या पाटल्या होत्या की घरात. मला का विचारलं नाहीत?" मग दोन दिवस बोलली नाही. मोबाईल तोच आहे, काच तडकलेली, मुलगी अजून वापरते. तो टेबलावर दिसला की ही उठून आत जायची.

तिसऱ्या रात्री तिनं तिचं बायबल आणून माझ्यापुढं उघडं ठेवलं. ती बैलहोंगलची, कानडीत वाचते. मला कानडी अक्षरं लावून वाचता येतात. तेच वचन होतं, तीमथ्याचं. "नंबिगस्त" या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हा शब्द तुमच्यासाठी नाही. त्याच्यासाठी आहे. उद्या पाळकसाहेबांकडं जाऊ या."

दोघं गेलो. पाळकसाहेबांनी सेक्रेटरींना बोलावून घेतलं. मागच्या खोलीत, जिथं मी मोजतो तिथंच बसलो, वही टेबलावर. पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी प्रार्थना केली, लहानशीच. सेक्रेटरींना मात्र फार लागलं. मी सही केली होती तिच्याशेजारी त्यांचीही आहे. "तुमच्या भरवशावर पेटी न बघता सही केली मी," एवढंच म्हणाले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार वर्षं मी माझ्याच पापाचा विचार करत होतो आणि त्यांना मी खोट्यात ओढलंय, हे कधी सुचलं नाही. ते अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. त्यांची माफी मागितली आहे, ती देणं त्यांच्याकडं आहे.

२०२० च्या त्या ओळीपुढं लाल शाईनं लिहिलं, "प्रत्यक्ष शिल्लक २२,९५०", कारण लिहिलं, तारीख घातली, तिघांनी सह्या केल्या. ३,६८० भरले. पाळकसाहेब म्हणाले हे आम्ही मागत नाही. मी म्हटलं घ्या. पावती माझ्या नावानं फाडली. किल्ल्या दिल्या आणि पंचांच्या यादीतून नाव काढायला सांगितलं.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर मंडळीला थांबायला सांगून मी उभा राहिलो. दहा मिनिटंही लागली नाहीत. मोबाईलचंही सांगितलं, मुलीला आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं. काही लोक न बोलता निघून गेले. दोघं-तिघं हात धरून गेले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, त्याबद्दल मी आभारी आहे. निपाणीच्या ताई, तेव्हा तुमच्या आईंची आठवण झाली. तिसऱ्या रांगेकडं बघूनच बोललो.

खानापूरच्या मावशी त्या दिवशी आल्या होत्या. अंगणात चपला घालता घालता मला हाक मारली. मला वाटलं आता काय म्हणतात. त्यांनी विचारलं, "त्या वर्षी माझी कोंबडी कितीला गेलती रं?"

"६५० ला. आणि परत ९०० ला."

"दोनदा गेली?" त्यांना माहीतच नव्हतं, बस चुकेल म्हणून त्या लवकर निघाल्या होत्या. बोटांवर हिशेब केला. "म्हणजे पंधराशे पन्नास," म्हणाल्या, आणि शेजारच्या बाईला ते सांगत सांगत फाटकाकडं गेल्या.

काल महिन्याचा पहिला रविवार होता. मोजायला नवा मुलगा बसला होता, तरुण संघातला. अर्पणाच्या पिशव्या आत गेल्या, दार ओढलं गेलं, आणि मी बाकावर तसाच बसून राहिलो. हाताला काही काम नव्हतं. आतून नाण्यांचा आवाज येत होता. बायको उठली, मुलगी उठली. मुलीनं मागं वळून बघितलं. मग मीही उठलो आणि त्यांच्या मागं कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकले.